गीयोम ड्युशेन

गीयोम-बेंजामिन-आमां ड्युशेन (जन्म : १७ सप्टेंबर १८०६, बुलोन-स्यूर-मेर, फ्रान्स, मृत्यू : १५ सप्टेंबर १८७५, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच डॉक्टर व संशोधक होते. विजेच्या साहाय्याने एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली आणि तिच्या आधारे मज्जातंतूंच्या इजा, लुळेपणा व स्नायूंचे विकार यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. विद्युत-निदान व विद्युत-उपचार या शाखांच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. ड्युशेन स्नायुदुर्बलता (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी), अर्ब-ड्युशेन पक्षाघात व ड्युशेन स्मित या संज्ञांमधून त्यांचे नाव आजही वापरात आहे. त्याच काळात पॅरिसमध्ये जवळपास सारख्याच आडनावाचे दुसरे एक डॉक्टर प्रसिद्ध होते. त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून ड्युशेन आपल्या नावापुढे जन्मगावाचा उल्लेख करीत. त्यामुळे फ्रेंच ग्रंथांत ते ‘ड्युशेन द बुलोन’ या नावाने ओळखले जातात.

पूर्वपीठिका

इटलीतील लुईजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायाचे स्नायू विजेने आकुंचन पावतात असे दाखवून दिले आणि १७९१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडन येथे फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या देहावर विजेचे जाहीर प्रयोग केले. या घटनांमुळे युरोपात विजेविषयी कुतूहल व भीती या दोन्ही भावना निर्माण झाल्या. वीज सर्व रोगांवर रामबाण आहे असे सांगून पैसे उकळणारे भोंदूही पुष्कळ होते. त्यामुळे प्रतिष्ठित डॉक्टर या विषयापासून दूर राहणेच पसंत करीत.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यानंतर तारेच्या कुंडलातून जलद खंडित होणारी प्रवर्तित धारा मिळवणारी छोटी यंत्रे तयार होऊ लागली. या धारेला पुढे फॅरेडिक धारा असे नाव पडले. विद्युतघटमालेतून मिळणाऱ्या अखंड दिष्ट धारेला गॅल्व्हानिक धारा म्हटले जाई. या दोन धारांमधील फरक ड्युशेन यांच्या कार्यात व त्यांच्यानंतरच्या वादांतही महत्त्वाचा ठरला.

सुरुवातीचे जीवन

बुलोन हे इंग्लिश खाडीवरील बंदर आहे. ड्युशेन यांचे घराणे दर्यावर्दींचे होते. वडील जहाजाचे कप्तान होते. नेपोलियनच्या काळातील सागरी युद्धांतील कामगिरीबद्दल त्यांना ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला होता. मुलानेही समुद्रावर जावे अशी त्यांची इच्छा होती. मात्र मुलाचा ओढा विज्ञानाकडे होता. दुए येथील शिक्षण संपवून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथे त्यांना स्टेथोस्कोपचे जनक रने लेनेक, शल्यचिकित्सक ग्युयोम ड्युप्युत्राँ, शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजंडी आणि विकृतिशास्त्रज्ञ झां क्र्यूव्हेलिये यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८३१ मध्ये भाजण्याच्या जखमांवर प्रबंध सादर करून त्यांनी पदवी मिळवली. विद्यार्थिदशेत त्यांनी विशेष चमक दाखवली नव्हती. पदवीनंतर पॅरिसमध्ये न राहता ते गावी परतले आणि सामान्य वैद्यकीय व्यवसाय करू लागले.

बुलोनमधील वर्षे

गावी परतल्यावर त्याच वर्षी ड्युशेन यांचा विवाह झाला. १८३३ मध्ये मुलगा एमील याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत सूतिकाज्वराने पत्नीचा मृत्यू झाला. बाळंतपणाच्या वेळी तिच्याजवळ केवळ ड्युशेन होते. सूतिकाज्वराच्या संसर्गाचे कारण तेव्हा अज्ञात होते. सासरच्या मंडळींनी या मृत्यूचा दोष ड्युशेन यांच्यावर ठेवला, गावात कुजबुज सुरू झाली आणि तान्हा एमील आजीकडे वाढू लागला. पुढे जवळजवळ तीस वर्षे बापलेकांची गाठ पडली नाही. १८३९ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. तोही फार काळ टिकला नाही. ड्युशेन यांचा एकाकीपणा व गावाविषयीचे औदासीन्य यांमागे या घटना होत्या, असे चरित्रकार मानतात.

याच काळात त्यांचे लक्ष विजेकडे वळले. पॅरिसमध्ये माजंडी व सार्लांदियेर हे डॉक्टर शरीरात सुया टोचून त्यांमधून वीज सोडण्याचा उपचार करीत असत. १८३५ च्या सुमारास ड्युशेन यांनी आपल्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली. सुयांमुळे वेदना होत आणि ऊतींना इजा पोहोचे. कोणत्या स्नायूवर परिणाम झाला हेही नेमके कळत नसे. या अनुभवातून त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. त्वचेला इजा न करता, वीज इकडेतिकडे न पसरू देता, हव्या त्या एकाच स्नायूपर्यंत ती पोहोचवता येईल का? पुढील सारे आयुष्य त्यांनी या प्रश्नाच्या अनुषंगाने उभ्या राहिलेल्या कामात घालवले.

पॅरिसमधील कार्यपद्धती

१८४२ मध्ये ड्युशेन पॅरिसला परतले. त्यांच्याकडे कोणत्याही रुग्णालयातील नेमणूक नव्हती, विद्यापीठात पद नव्हते आणि पाठीराखाही नव्हता. ते आपली विद्युतपेटी घेऊन सकाळी एखाद्या रुग्णालयात जात, वॉर्डांमधून फिरत आणि लुळेपणाचे रुग्ण शोधून त्यांची तपासणी करीत. बोलण्यात चाचरणारा, गावंढळ वाटणारा हा माणूस सुरुवातीला तरुण डॉक्टरांच्या चेष्टेचा विषय झाला. ड्युशेन यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. एखादा रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला गेला तर ते तेथे जात. तो घरी गेला तर घर शोधून काढत. अशा रीतीने एकाच रुग्णाच्या आजाराची वाटचाल त्यांना वर्षानुवर्षे पाहता आली. पद नसल्यामुळे त्यांच्यावर एका रुग्णालयाचे बंधन नव्हते. पॅरिसमधील सर्वच रुग्णालयांत निरीक्षण करण्याची मुभा त्यांना त्यातून मिळाली.

काळाच्या ओघात आर्मां त्रूसो यांच्यासारखे ज्येष्ठ डॉक्टर त्यांचे समर्थक बनले. झां-मार्तें शार्को यांनी १८६२ मध्ये साल्पेत्रियेर रुग्णालयात काम सुरू केल्यावर ड्युशेन तेथे नियमित येऊ लागले. शार्को यांनी पुढे मज्जासंस्थेच्या विकारांचे जगप्रसिद्ध केंद्र उभारले आणि या विषयातील आपले गुरू म्हणून ते ड्युशेन यांचा आदराने उल्लेख करीत.

स्थानिक विद्युतीकरण

ड्युशेन यांच्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. कोरडी त्वचा विजेला मोठा अडथळा करते; ओली त्वचा व विद्युतअग्रांवरील ओले आच्छादन असेल तर धारा सहज आत शिरते. दोन ओली विद्युतअग्रे एकमेकांच्या जवळ, एकाच स्नायूवर घट्ट दाबून धरली की धारा मुख्यतः त्यांच्यामधील भागातून वाहते आणि तोच स्नायू आकुंचन पावतो. यासाठी त्यांनी प्रवर्तित धारा निवडली व तिची तीव्रता कमी-जास्त करता येईल अशी यंत्रे घडवून घेतली. या पद्धतीविषयीचे निबंध त्यांनी १८४७ पासून पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. ‘स्थानिक विद्युतीकरण’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या १८६१ व १८७२ मध्ये निघाल्या.

शरीररचनाशास्त्र तोपर्यंत मुख्यतः शवविच्छेदनावर अवलंबून होते. स्नायू कोठून निघतो व कोठे जोडला जातो यावरून त्याचे कार्य अनुमानाने सांगितले जाई. ड्युशेन यांनी जिवंत माणसातील एकेक स्नायू हलवून पाहिला आणि ज्या रुग्णाचा तोच स्नायू निकामी झाला आहे त्याच्या हालचालींशी त्याची तुलना केली. उदाहरणार्थ, तळहातातील बारीक स्नायू बोटांचे पहिले पेर वाकवतात व त्याच वेळी पुढची दोन पेरे सरळ करतात, हे त्यांनी दाखवून दिले. कोपराजवळून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली की हाताला पंजासारखा आकार का येतो, याचा उलगडा त्यातून झाला. ही निरीक्षणे १८६७ मध्ये ‘हालचालींचे शरीरक्रियाशास्त्र’ या ग्रंथात संकलित झाली. त्याचा इंग्रजी अनुवाद १९४९ मध्ये, म्हणजे ८२ वर्षांनंतर प्रसिद्ध झाला. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तेव्हाही तो उपयुक्त वाटला.

मज्जातंतूंच्या इजांचे निदान व उपचार

लुळेपणाचे मूळ कोठे आहे हे ओळखणे त्या काळी कठीण होते. मेंदूतील रक्तस्रावाने हात लुळा पडतो, तसा तो खांद्याजवळचा मज्जातंतू तुटल्यानेही पडतो. वरवर पाहता दोन्ही हात सारखेच निश्चल असतात. ड्युशेन यांनी शेकडो रुग्णांची विजेने तपासणी केली. मेंदूच्या आजारात स्नायू विजेला पूर्ववत प्रतिसाद देतात, तर मज्जातंतू तुटल्यास किंवा मेरुरज्जूतील त्याचे उगमस्थान नष्ट झाल्यास हा प्रतिसाद क्षीण होतो अथवा नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. शिशाच्या विषबाधेने मनगट लोंबणारे रंगारी, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झालेले रुग्ण, सांधा निखळून मज्जातंतू चिरडलेले मजूर अशा अनेक प्रकारच्या रुग्णांवर त्यांनी ही कसोटी वापरली.

या तपासणीचा दुसरा उपयोग पुढील वाटचालीचा अंदाज बांधण्यासाठी होता. चेहऱ्याच्या लुळेपणात काही दिवस उलटल्यावरही स्नायू विजेला प्रतिसाद देत असतील तर रुग्ण लवकर बरा होतो. प्रतिसाद पूर्ण थांबला असेल तर बरे होण्यास अनेक महिने लागतात. यामागचे कारण इंग्रज शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांच्या १८५० मधील प्रयोगांतून स्पष्ट होत होते. मज्जातंतू तुटला की त्याचा पेशीपासून विलग झालेला पुढचा भाग हळूहळू नष्ट होतो. तो नष्ट झाल्यावर त्यातून विजेचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही.

उपचारासाठी ड्युशेन लुळ्या स्नायूंना ठरावीक काळ प्रवर्तित धारा देत. वापर नसल्याने स्नायू सुकतो; त्याला बाहेरून हालचाल दिली तर मज्जातंतू पुन्हा जोडला जाईपर्यंत तो तग धरेल, असा त्यांचा विचार होता. ज्या स्नायूंचे कार्य परत येण्याची आशा नव्हती त्यांच्यासाठी त्यांनी स्प्रिंग बसवलेली साधने तयार केली. निकामी स्नायू ज्या दिशेने ओढत असे त्याच दिशेने स्प्रिंग बसवलेली असे. त्यामुळे विरुद्ध बाजूचे निरोगी स्नायू हात किंवा पाय कायमचा वाकडा करीत नसत. आजच्या पुनर्वसन वैद्यकातील गतिशील आधारपट्ट्यांमागे हीच कल्पना आहे. श्वास थांबलेल्या रुग्णात मानेतील मज्जातंतूला वीज देऊन श्वासपटल हलवण्याचाही पुरस्कार त्यांनी केला होता.

रोगांची वर्णने

विद्युत-तपासणीच्या आधारे ड्युशेन यांनी अनेक रोग एकमेकांपासून वेगळे केले. हातापासून सुरू होणाऱ्या वाढत्या स्नायुक्षयावर त्यांनी १८४९ मध्ये निबंध सादर केला. फ्रान्स्वा आरां यांनी १८५० मध्ये त्याच विषयावर लेख प्रसिद्ध केल्याने श्रेयाचा वाद निर्माण झाला. या रोगाला पुढे दोघांचेही नाव मिळाले. तोल जाऊन चाल अडखळणाऱ्या रुग्णांची शक्ती शाबूत असते, बिघाड हालचालींच्या समन्वयात असतो, असे त्यांनी १८५८-५९ मध्ये प्रतिपादन केले. जर्मनीतील मोरित्झ रोम्बर्ग यांनी त्याआधीच या रोगाचे वर्णन केले होते. तरी ड्युशेन यांचे विवेचन स्वतंत्र व अधिक सखोल मानले जाते. जीभ, ओठ व स्वरयंत्र यांच्या वाढत्या लुळेपणाचे वर्णन त्यांनी १८६० मध्ये केले. पोलिओचे मूळ मेरुरज्जूत असावे हे त्यांचे अनुमान पुढे शार्को व त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध केले.

लहान मुलग्यांच्या स्नायुदुर्बलतेवरील त्यांचे काम सर्वांत प्रसिद्ध आहे. अशा मुलांच्या पोटऱ्या पिळदार दिसतात, पण त्यांना जिना चढता येत नाही. १८६१ मध्ये एका मुलाचे वर्णन करताना हा आजार मेंदूतून उद्भवत असावा असे त्यांनी लिहिले होते. मात्र यावर ते स्वस्थ बसले नाहीत. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा अगदी लहान तुकडा काढता येईल अशी एक विशिष्ट सुई त्यांनी तयार केली. अशा तुकड्यांत स्नायुतंतूंची जागा चरबी व संयोजी ऊतीने घेतल्याचे दिसले. १८६८ मध्ये १३ रुग्णांची माहिती देऊन त्यांनी हा स्नायूंचाच रोग असल्याचे मांडले आणि आपले आधीचे मत बदलले. इंग्लंडमधील एडवर्ड मेरिऑन यांनी १८५२ मध्ये अशाच मुलांची नोंद केली होती. तरी रोगाला ड्युशेन यांचे नाव रूढ झाले. या रोगाशी संबंधित जनुक १९८६ मध्ये व डिस्ट्रोफिन हे प्रथिन १९८७ मध्ये सापडले.

अवघड बाळंतपणात खांद्याजवळचे मज्जातंतू ताणले गेल्यामुळे नवजात बाळाचा हात लुळा पडतो. मुख्य ग्रंथाच्या १८७२ च्या आवृत्तीत त्यांनी या प्रकाराचे वर्णन केले. दोन वर्षांनी जर्मन डॉक्टर व्हिल्हेल्म अर्ब यांनी इजेचे नेमके स्थान दाखवले. त्यामुळे या इजेला अर्ब-ड्युशेन पक्षाघात असे म्हणतात.

चेहऱ्यावरील भाव व छायाचित्रण

१८६२ मध्ये ड्युशेन यांचा मानवी चेहऱ्यावरील भावांविषयीचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेहऱ्याचे स्नायू विजेने वेगवेगळे आकुंचित करून आनंद, दुःख, भय, वेदना हे भाव कोणत्या स्नायूंमुळे उमटतात हे त्यांनी छायाचित्रांद्वारे दाखवले. प्रसिद्ध छायाचित्रकार नादार यांचे बंधू आद्रियां तूर्नाशाँ यांनी त्यांना साहाय्य केले. सर्वाधिक छायाचित्रांत दिसणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या चेहऱ्याची संवेदना आजारामुळे नाहीशी झाली होती. त्यामुळे विजेने त्याला वेदना होत नसत, असे ड्युशेन यांनी नोंदवले आहे.

खरे हसू व ओढून आणलेले हसू यांतील फरक हा या ग्रंथातील सुप्रसिद्ध निष्कर्ष होय. ओठांची टोके वर ओढणारा स्नायू इच्छेने हलवता येतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदातच सहजपणे साथ देतो. अशा हास्याला विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी ड्युशेन यांचे नाव दिले. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मधील भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात ड्युशेन यांच्या परवानगीने त्यांची छायाचित्रे वापरली. गरीब व आजारी व्यक्तींचा अशा प्रयोगांसाठी झालेला वापर आजच्या नीतिनियमांत बसणारा नाही, याकडे आधुनिक अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

वाद व मर्यादा

बर्लिनचे रॉबर्ट रेमाक हे ड्युशेन यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. ड्युशेन यांना स्नायूवर काही विशिष्ट ठिकाणी आकुंचन सर्वांत सहज मिळे. त्या ठिकाणी मज्जातंतू स्नायूत शिरतो, म्हणजे वीज प्रत्यक्षात मज्जातंतूलाच उत्तेजित करते, असे रेमाक यांनी दाखवले. ह्यूगो फॉन झीमसन यांनी १८५७ मध्ये या बिंदूंचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. भौतिकोपचारतज्ज्ञ आजही स्नायूंवरील हे बिंदू वापरतात.

उपचारासाठी दिष्ट धाराच योग्य आहे, हा रेमाक यांचा दुसरा आक्षेप होता. पुढे अर्ब यांनी १८६८ मध्ये महत्त्वाची बाब दाखवली. मज्जातंतू पूर्ण तुटल्यावर स्नायू प्रवर्तित धारेला प्रतिसाद देत नाही. सावकाश वाढणाऱ्या व टिकणाऱ्या दिष्ट धारेला मात्र तो देतो. प्रवर्तित धारेतील झटका मिलिसेकंदाच्या आसपास संपतो. एवढा वेळ मज्जातंतूला पुरतो. मज्जातंतूविना उरलेल्या स्नायूला अधिक वेळ लागतो. अर्थात, निदानासाठी अचूक ठरलेली ड्युशेन यांची धारा सर्वांत गंभीर इजा झालेल्या स्नायूंना हलवू शकत नव्हती. अशा रुग्णांपैकी जे बरे झाले, त्यांचे मज्जातंतू मुख्यतः निसर्गक्रमाने पुन्हा वाढले असावेत. स्वतः ड्युशेन यांनीही एक विसंगती नोंदवून ठेवली होती. बरे होत असलेल्या काही रुग्णांत स्नायू इच्छेने हलू लागे, तरी विजेला तो प्रतिसाद देत नसे. आपल्या उपचाराला अडचणीचे ठरणारे निरीक्षणही त्यांनी लपवले नाही. अंशतः इजा झालेल्या मज्जातंतूंच्या बाबतीत मात्र त्यांची पद्धत स्नायूला प्रत्यक्ष व्यायाम देऊ शकत होती.

अखेरची वर्षे

१८६२ च्या सुमारास एमील पॅरिसला आला आणि बापलेकांचा संबंध पुन्हा जुळला. एमीलनेही वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. बालपणीच्या लुळेपणावरील त्याचा अभ्यास १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. उशिरा लाभलेला हा सहवास अल्पकाळच टिकला. वडिलांच्या हयातीतच एमीलचे निधन झाले. त्यानंतर ड्युशेन खचले. तरीही त्यांनी मुख्य ग्रंथाची तिसरी आवृत्ती पूर्ण केली. १८७५ मध्ये त्यांनी आपल्या छायाचित्रांचा संग्रह पॅरिसच्या ललितकला विद्यालयाला भेट दिला. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. एकोणसत्तरावा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर होता. परदेशांतील अनेक वैद्यकीय संस्थांनी त्यांना सभासदत्व दिले होते. पॅरिसच्या अकादमींनी मात्र त्यांना शेवटपर्यंत सदस्य करून घेतले नाही.

वारसा

ड्युशेन यांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी अनुवाद १८८३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. १८९७ मध्ये साल्पेत्रियेर रुग्णालयात त्यांचे स्मारक उभारण्यात आले. ज्या रुग्णालयात त्यांना कधीही नेमणूक मिळाली नव्हती, तेथेच रुग्णाची तपासणी करणारे ड्युशेन शिल्पात कोरले गेले.

विद्युत-तपासणीचा प्रसार त्यांच्या हयातीतच अटलांटिकपलीकडे झाला होता. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फिया येथील लष्करी रुग्णालयात सायलस वेअर मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदुकीच्या गोळ्यांनी मज्जातंतू तुटलेल्या सैनिकांवर प्रवर्तित धारेचा वापर केला. त्यांचा ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. तोडलेला हात किंवा पाय जागेवरच असल्याचा भास होणाऱ्या सैनिकांचा अभ्यासही मिचेल यांनी केला.

विसाव्या शतकात या विचाराला नवे रूप आले. व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ मध्ये मेंदूच्या आघाताने पाऊल लोंबणाऱ्या रुग्णांसाठी एक साधन सादर केले. टाच उचलताच बुटातील कळ दाबमुक्त होऊन पायाच्या मज्जातंतूला वीज मिळे व पाऊल वर उचलले जाई. अशा रुग्णांत मज्जातंतू शाबूत असल्यानेच हे शक्य होते. ड्युशेन यांनी आखून दिलेला भेदच येथे उपयोगी पडला.

तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. खांद्यापासून बोटांपर्यंतचे सुमारे ६० सेंटिमीटर अंतर कापण्यास त्याला दीड वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तोवर स्नायू सुकतात. म्हणून ही वाढ लवकर सुरू व्हावी यासाठी कॅनडातील टेसा गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूलाच वीज देण्याचा मार्ग अवलंबला. शस्त्रक्रियेनंतर सेकंदाला २० झटके या गतीने १ तास वीज दिल्यास मज्जातंतूचे अधिक तंतू लवकर वाढू लागतात, असे २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. मनगटातील दबलेल्या मज्जातंतूवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही अनुकूल परिणाम आढळले. अवयव गमावलेल्या व्यक्तींच्या उरलेल्या मज्जातंतूंना दुसऱ्या स्नायूंशी जोडून, त्या स्नायूंच्या विद्युत-संकेतांवर कृत्रिम हात चालवण्याचे तंत्रही याच शतकात विकसित झाले.

आजच्या उपचारांची यंत्रे व सिद्धान्त ड्युशेन यांच्या काळापेक्षा पुष्कळ निराळे आहेत. त्यांचे उपचारविषयक काही दावे कालौघात मागे पडले. कोणता स्नायू हलतो, कोणता हलत नाही आणि का हलत नाही, हे प्रत्येक रुग्णात स्वतः तपासून पाहण्याचा त्यांचा प्रघात मात्र मज्जातंतूंच्या इजांवरील उपचारांचा पाया म्हणून टिकून आहे.